पातळ केस आणि एका ओळीचा कायदा

वकिलाच्या ऑफिसात फायली साठतात असं लोकांना उगीच वाटतं. फायली काय, ठरलेली वर्षं झाली की श्रेडरमध्ये जातात. किस्से मात्र कुठल्याच मशीनमध्ये जात नाहीत! ते आपले साठत राहतात. घरी चार माणसं जेवायला आली की आमचे हे म्हणतात, "नीला, तो केसांचा सांग ना." मग मला एकावर थांबता येत नाही.

आधी माणसं सांगते. मी नीला. आमचे हे भूलतज्ज्ञ, म्हणजे ऑपरेशनआधी लोकांना झोपवतात. घरी बोलायला लागले तरी साधारण तेच होतं. त्यांच्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून वेल्समध्ये न्यूपोर्टला आलो. मुलं मोठी होऊन लंडनला गेली, घर खायला उठलं, तेव्हा मी एका सॉलिसिटरच्या ऑफिसात रिसेप्शनला लागले.

ती सॉलिसिटर म्हणजे संघमित्रा गायकवाड. आमची मित्रा! जन्म लंडनजवळच्या स्लाऊचा. वडील तिथल्या वेअरहाऊसमध्ये कामाला आणि शनिवार-रविवार आंबेडकरी चळवळीत. ही आधी वकील झाली, मग निवडून येऊन वेल्सच्या विधानसभेत जाऊन बसली, आणि जाताना मलाही बरोबर घेऊन गेली. तेव्हा हा सगळा माल एकाच बाईचा आहे. क्लायंटची नावं मी बदलली आहेत. तिचं नाही बदललं, तिला काही लपवायचं नसतं.

*

इंटरव्ह्यूच्या दिवशीच मला कळलं की हिचं इंग्लिश म्हणजे नुसतं ऐकत राहावं असं. आणि मराठी? काय सांगू! घरात ऐकून शिकलेली. शब्द सगळे यायचे, पण कुठल्याच शब्दाचं लिंग ठरलेलं नाही. मला म्हणाली, "काकू, माझी ऑफिस लहान आहे, पण तुमचा खुर्ची खिडकीजवळ आहे." मी नोकरी तिथल्या तिथं घेतली.

पहिल्याच आठवड्यात देशपांडेकाका आले. रिटायर्ड इंजिनिअर. शेजाऱ्याने कुंपण दोन फूट यांच्या बागेत सरकवलं होतं, त्याचं भांडण. काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही.

मित्राने वीस मिनिटं कागद वाचले. मग चष्मा काढला, पुढे झुकली आणि अतिशय हळुवार आवाजात म्हणाली, "काका, मी खोटा सांगणार नाही. तुमचा केस फार पातळ आहे."

काकांचा हात आपोआप टकलावर गेला.

"पण घाबरू नका," ती म्हणाली. "जेवढा उरलाय तेवढा मी वाचवते!"

काकांनी हात खाली घेतला. मग शांतपणे म्हणाले, "ते राहू दे बाळ. ते केव्हाच गेलं. तू कुंपणाचं बघ."

काका गेल्यावर मी आत जाऊन तिला समजावलं, कोर्टातली ती केस आणि डोक्यावरचा तो केस. तिने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलं. पुढे कुंपण जिथल्या तिथं परत गेलं, आणि काकांनी आभाराच्या कार्डाबरोबर एक कंगवा पाठवला!

*

कोर्टात मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते एका भाडेकरू जोडप्याच्या केसमध्ये. घरमालकाला त्यांना बाहेर काढायचं होतं. मी फायलींची ट्रॉली ओढत मागे, ती पुढे. दारातल्या शिपायाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "इंटरप्रिटर तिकडे बसतात."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा दंड दाबला आणि गुपचूप जाऊन त्या दुभाष्याच्या खुर्चीवर बसली.

जजसाहेब आले. इकडे तिकडे बघत म्हणाले, "भाडेकरूंचे वकील कुठे आहेत?"

ही उठली. "इथेच आहे, सर. मला इंटरप्रिटरच्या खुर्चीवर बसवलंय."

जज अवघडले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मग तुमच्या अशिलांना इंटरप्रिटर लागणार आहे का?"

"त्यांना नाही, सर. समोरच्या पक्षाला लागेल. त्यांनी स्वतःचाच करार वाचलेला दिसत नाही!"

आणि तिने करारातलं बारावं कलम वाचायला घेतलं. चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं, जोडपं आपल्या घरी गेलं. बाहेर येताना त्या शिपायाने आमच्यासाठी दार धरलं.

गाडीत बसल्यावर हिने दार धाडकन आपटलं. म्हणाली, "काकू, प्रत्येक वेळी राग येतो. पण माझा रागाने लोकांचा घर वाचत नाही." त्या दिवशी मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही.

*

आता हा पुढचा हसायचा नाही. पण हा सांगितल्याशिवाय नंतरचे कळणार नाहीत, म्हणून सांगते.

अनुसयाबाई आमच्या जुन्या क्लायंट. सत्तरी ओलांडलेल्या, अकोल्याकडच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या. उभं आयुष्य इथल्या शाळांची साफसफाई करण्यात गेलं. लिहाय-वाचायला पंचेचाळिसाव्या वर्षी शिकल्या, तेही मराठी. विहारात बुद्धवंदनेला येणाऱ्या बायकांनी शिकवलं. त्यामुळे स्वतःची सही म्हणजे त्यांचा दागिना. बँकेत सुद्धा सही करायची झाली तर पदर सावरून करायच्या.

एकदा त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलातल्या कोणीतरी इंग्लिश कागद पुढे केला. "नुसती फॉर्मॅलिटी," असं म्हणून बोट ठेवून दाखवलं, इथं. बाईंनी सही केली. कागदावर लिहिलं होतं, "घरी मला कोणाचीही मदत नको. हे मी पूर्ण समजून लिहून देत आहे."

मदतीला कोणी येणारच नव्हतं. चार दिवस त्या एका खुर्चीत होत्या. हाताशी पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. रविवारी वंदनेला दिसल्या नाहीत म्हणून मित्रा आणि मी त्यांच्याकडे गेलो, शेजाऱ्याकडून किल्ली घेऊन दार उघडलं. त्यांनी आमच्याकडे बघून पहिलं वाक्य काय म्हणावं?

"मित्रा, इतकी छान सही केली गं मी त्यांच्या कागदावर. मग कोणी आलं का नाही?"

मला रडू आवरेना. मित्रा मात्र खाली बसून त्यांचे सुजलेले पाय चोळत राहिली.

तिने तक्रार केली. उत्तर आलं, पेशंटने पूर्ण समजून सही केली आहे. तिने वरपर्यंत नेलं. तिथेही तेच, सहीआधी कागद पेशंटच्या भाषेत वाचून दाखवलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मित्रा हरली. मी तिच्याकडे लागल्यापासून इतक्या वाईट रीतीने हरलेली मी तिला पाहिली नव्हती.

ते उत्तर तिने फाइलमध्ये लावलं. मग म्हणाली, "काकू, कायद्यात तसा एक ओळच नाही."

"मग आता?"

"मग घालायचा!"

हॉस्पिटलांचे कायदे इथे वेल्सचे वेगळे. ते कार्डिफच्या विधानसभेत होतात, लंडनला नाही. न्यूपोर्टहून ट्रेनने पाव तासावर कायदे होतात, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं! पुढच्या निवडणुकीला मित्रा उभी राहिली ती त्या एका ओळीसाठी. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

*

प्रचार म्हणजे दारोदार फिरणं. एका घराची बेल वाजवली तर दार उघडून एक धिप्पाड गृहस्थ ओरडलेच, "आलात एकदाचे! पाऊण तास झाला!"

मित्राच्या खांद्याला पत्रकांची मोठी पिशवी. ती म्हणाली, "नमस्कार, मी मित्रा गायकवाड..."

"लँब भुना आणलाय ना? मागच्या वेळेला नान विसरला होतात."

"सर, मी टेकअवेची नाही. मी उमेदवार आहे."

त्यांनी संशयाने पिशवीकडे पाहिलं. "मग त्यात काय आहे?"

"आश्वासनं."

"गरम आहेत का?"

"आत्ताच छापून आलीत!"

गृहस्थ इतके हसले की आतून बायको बघायला आली. दोघांनी मिळून तीन पत्रकं घेतली.

आमच्या मराठी मंडळातला किस्सा मात्र मला सांगायला आवडत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. गणेशोत्सवात मित्राला बोलायला बोलवावं असं मी मीटिंगमध्ये सुचवलं. सेक्रेटरी चहाच्या कपात बघत म्हणाले, "बोलवायला हरकत नाही, पण त्या... म्हणजे आपल्यातल्या नाहीत ना तशा."

बाकीचे बिस्किटं उचलू लागले. मी एरवी एवढी बोलणारी, पण खरं सांगते, मी शब्द शोधत बसले. त्याची अजून लाज वाटते.

बोलले ते आमचे हे. "तीस वर्षं लोकांना झोपवतोय," ते म्हणाले. "टेबलावर आडवा झाल्यावर एकानेही मला जात विचारली नाही, आणि मीही कोणाला नाही. मग जागेपणी तुम्हाला काय होतं?"

यांच्या बोलण्याने खोलीतली माणसं जागी झालेली मी पहिल्यांदाच पाहिली! आमंत्रण बिनविरोध गेलं. तेच सेक्रेटरी पुढे दोन शनिवार आमच्याबरोबर पत्रकं वाटत हिंडले, आणि मित्रा निवडून आली. आलीच!

*

निवडून आल्या आल्या सर्जरीचा घोळ झाला.

इथे निवडून आलेली माणसं दर काही आठवड्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतात, त्याला सर्जरी म्हणायची पद्धत आहे. का, ते मला विचारू नका. तर स्लाऊहून मित्राच्या आईंचा फोन आला आणि मी घाईघाईत म्हणाले, "ती जरा गडबडीत आहे हो. शनिवारी पहिलीच सर्जरी आहे ना तिची."

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं लाइन कट झाली, मी फोन ठेवला.

शनिवारी लायब्ररीच्या खोलीत बसलो होतो. बाहेर रांगेत दहा-बारा माणसं, कोणाचं पार्किंग, कोणाच्या भिंतीला ओल. तेवढ्यात धाडकन दार उघडलं. मित्राच्या आई! हातात थर्मासमध्ये पेज, पिशवीत नाइटगाऊन, टॉवेल, स्लिपर. मागे हॅरोची मावशी, तिच्या हातात फुलं.

"कुठल्या वॉर्डात ठेवलंय माझ्या पोरीला?" आईंनी काउंटरवर विचारलं.

लायब्ररियनला त्यातलं 'वॉर्ड' एवढंच कळलं. तिच्या लेखी वॉर्ड म्हणजे मतदारांचा. ती गोड हसून म्हणाली, "ऑल वॉर्ड्स आर वेलकम!"

आई मटकन खाली बसल्या.

आवाज ऐकून मित्रा धावत बाहेर आली. धडधाकट मुलगी समोर बघून आईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच आवाज चढला. "मग सर्जरी कोणाची आहे?"

"लोकांचा, आई."

"लोकांची! आणि ही पेज आता कोणी प्यायची?"

रांगेत पहिले होते ते भिंतीला ओल आलेले आजोबा. ते प्यायले. त्यांच्या भिंतीचं काम दोन महिन्यांत झालं, तरी आजोबा अजून दर सर्जरीला येतात आणि थर्मास कुठे आहे विचारतात.

*

विधानसभेत वेल्श आणि इंग्लिश दोन्ही चालतं. कोणी वेल्शमध्ये बोललं की बाकीचे कानाला यंत्र लावतात, आणि इंटरप्रिटर त्यात इंग्लिश सांगत जातात. मित्राने उभं राहतानाच ठरवलं होतं, निवडून आले तर शपथ वेल्शमध्ये घ्यायची. त्यासाठी आधी सहा महिने क्लास केला होता.

आता वेल्शमध्ये म्हणे शब्दांना लिंग असतं, आणि त्याप्रमाणे शब्दाचं पहिलं अक्षर सुद्धा बदलतं. हिची एक चूक नाही! मी चिडलेच. "घर, दार, खिडकी तुला जमेना, आणि हे बरं जमतं!"

ती म्हणाली, "काकू, वेल्शचा पुस्तक आहे. मराठीचा पुस्तक मला कोणी दिलाच नाही."

मी त्याच आठवड्यात पुण्याहून पहिलीचं पुस्तक मागवून घेतलं.

शपथ तिने देवनागरीत लिहून नेली होती, उच्चार नीट यावेत म्हणून. फोटोत हातातला कागद दिसला आणि दुसऱ्या दिवशी एका पत्रकाराचा मला फोन. ही वेल्शची कुठली प्राचीन लिपी आहे?

पण खरी गंमत पुढेच. एकदा हॉस्पिटलांवर चर्चा चालली होती. मित्रा वेल्शमध्ये बोलत होती आणि समोरच्या बाकांवर गप्पा रंगल्या होत्या. हिचा पारा चढला आणि तोंडून निघून गेलं, "अहो, ऐका की जरा!"

मी वर गॅलरीत कानाला यंत्र लावून बसले होते. इंटरप्रिटर दोन सेकंद थांबले. मग अगदी शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी हा मुद्दा उत्तरेकडच्या बोलीत मांडला आहे."

लगेच समोरून एमरिस उठले. एमरिस म्हणजे उत्तर वेल्सचे, तिथले सगळ्यात जुने सदस्य. मेंढ्या पाळतात आणि मित्राने आणलेल्या प्रत्येक गोष्टीला विरोध करतात.

"अध्यक्ष महोदया," ते म्हणाले, "नोंद करून घ्यावी. हे उत्तरेकडचं नाही. दक्षिणेकडचं असावं!"

*

आता शेवटचा सांगते, मग जेवायला बसू.

हॉस्पिटलांचा एक मोठा कायदा विधानसभेपुढे आला. त्यात मित्राने तिची ओळ घालायची दुरुस्ती मांडली. मतदानाच्या आदल्या दिवशी आम्ही यादी घेऊन बसलो. हे आपले, ते त्यांचे. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. बरोबर सारखे! आणि सारखी मतं पडली तर अध्यक्षांना आहे तेच चालू ठेवायच्या बाजूने मत द्यावं लागतं. म्हणजे ओळ गेली. फक्त एक माणूस हवा होता.

मित्रा एमरिसना भेटून आली. ते म्हणाले, "सही म्हणजे सही. उद्या माझी बायको म्हणेल, लग्नाच्या रजिस्टरमध्ये मी न समजता सही केली होती!"

मतदानाच्या सकाळी मित्राने माझ्या हातात एक क्लिपबोर्ड ठेवला. वर एक छापील मराठी कागद, खाली सह्यांसाठी रेघा. म्हणाली, "काकू, चहाच्या खोलीच्या दारात उभ्या राहा. विचारलं तर सांगा, नुसती फॉर्मॅलिटी."

मी पुण्यात सोसायटीची सेक्रेटरी होते. कागद पुढे करून प्रश्न विचारायच्या आत सही कशी घ्यायची, हे मला कोणी शिकवायला नको!

बावीस जणांनी सह्या केल्या. एकीने विचारलं, "किती सुंदर अक्षर आहे, हिंदी का?" आणि सही केली. एकाने फोनवर बोलता बोलता केली. एमरिसनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उलटा-सुलटा करून बघितला, "हे उजवीकडून वाचतात की डावीकडून?" एवढं विचारलं आणि झोकात सही ठोकली.

दुपारी सगळे चहाला आले. चहा देणारी ग्वेन काउंटरवर माझा क्लिपबोर्ड घेऊन बसलेली. तिला आम्ही आधीच सगळं समजावलं होतं, आणि तिच्यासारखी नटी मी नाटकातही पाहिली नाही.

"सॉरी, लव्ह. तुम्हाला चहा नाही."

"का?" एमरिस म्हणाले.

"तुम्ही लिहून दिलंय. इथला चहा मला नको म्हणून. ही तुमची सही ना?"

"सही माझीच आहे, पण..."

"आणि इथं खाली आहे, हे मी पूर्ण समजून लिहून देत आहे."

"अहो, मला तो कागद वाचताच येत नव्हता!"

ग्वेनने बोर्ड खाली ठेवला. "मग सही कशाला केलीत?"

एमरिस तरातरा निघून गेले. तासाभराने पुन्हा आले. पुन्हा नाही! बावीसच्या बावीस लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. एकाने बाहेरून चहा आणायचं ठरवलं, तोच सभागृहाची घंटा झाली.

मी अनुसयाबाईंना घेऊन गॅलरीत बसले. त्यांनी नवी पांढरी साडी नेसली होती, हातात काठी. खाली मित्रा उठली. मोठं भाषण करेल असं वाटलं होतं. तिने दोन कागद काढले.

पहिला वाचला. "इथला चहा मला नको. हे मी पूर्ण समजून लिहून देत आहे." बाकांवर हशा पिकला, काहीजण रागाने बघू लागले.

दुसरा वाचला. "घरी मला कोणाचीही मदत नको. हे मी पूर्ण समजून लिहून देत आहे."

हशा थांबला.

"तुमच्यापैकी बावीस जण आज दोन तास चहाशिवाय राहिलात," ती म्हणाली. "हा दुसरा कागद अनुसया वानखेडे यांचा आहे. त्या चार दिवस एका खुर्चीत बसून होत्या. आज त्या वर गॅलरीत आहेत." आणि ती खाली बसली. बस्स, एवढंच.

सगळ्यांच्या माना वर वळल्या. अनुसयाबाईंनी माझ्या कानात विचारलं, "काय म्हणाली गं?"  मी फक्त त्यांचा हात धरला.

एमरिस उठले. अध्यक्षबाईंनी वेळ नाही म्हणून सांगितलं, तरी उभेच राहिले.

"अध्यक्ष महोदया, एकच वाक्य. आज सकाळची माझी सही मी मागे घेतो. आणि माझा विरोधही."

मतं पडली. ओळ कायद्यात गेली! मी गॅलरीत उभी राहून किंचाळले, रडलेही. तिथे किंचाळायला बंदी आहे हे मला नंतर दोघांनी येऊन सांगितलं. अनुसयाबाई एवढंच म्हणाल्या, "झालं ना? मग रडते कशाला, हस की."

आम्ही खाली आलो. मित्रा पायऱ्या उतरत धावत आली आणि बाईंना मिठी मारून गदागदा रडली, भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मागून एमरिस आले. त्यांनी अदबीने मान झुकवली, बाईंनी "जय भीम" म्हटलं. त्यांनीही ते म्हणायचा प्रयत्न केला, बऱ्यापैकी जमलं. ग्वेन एप्रनला हात पुसत पुसत बघायला आली होती.

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी जाडजूड वही घेऊन आली. खास पाहुण्यांची वही. आजच्या दिवसाचं पान तिने उघडलं, वर इंग्लिशमध्ये चार ओळी छापलेल्या, खाली रिकामी जागा. तिने बाईंच्या हातात पेन दिलं आणि प्रेमाने बोट ठेवून दाखवलं, इथं.

बाईंनी पदर सावरला. पेनाचं टोपण काढलं. आम्ही सगळे थांबलो. बाईंनी पानाकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे, मग एमरिसकडे. टोपण पुन्हा लावलं, पेन वहीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात काठीवर घेऊन ताठ उभ्या राहिल्या.

"आधी वाचून दाखवा," म्हणाल्या.